बावीस नंबरच्या पेशी

“काका, बावीस नंबरच्या पेशी बाईच्या आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि हातातला कागद माळीकाकांना वाचता येईल असा वळवून त्यांनी टेबलावर ठेवला.

माळीकाका कामाच्या काचपेटीचा ओटा स्पिरिटने पुसत होते. त्यांनी हात अर्ध्यावर थांबवला नाही. कोपऱ्यापर्यंत ओटा पुसला, बोळा टाकला आणि मग चष्मा लावला. कागदावर सोळा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत डावीकडे बावीस नंबरच्या पेशीतली एक खूण आणि उजवीकडे दुसऱ्याच एका पेशीतली तीच खूण. सोळाच्या सोळा ओळी जुळत होत्या.

बावीस नंबर पुरुष होता. वीस वर्षांपूर्वी इस्पितळाच्या बाविसाव्या खाटेवरच्या माणसाच्या पोटातली गाठ काढली, तिचा नखाएवढा तुकडा या प्रयोगशाळेत आला आणि माळीकाकांनी त्यातल्या पेशी बाटलीत वाढवल्या. माणूस पाच महिन्यांनी गेला. पेशी राहिल्या. दर चार दिवसांनी बाटलीचा तळ भरून जाई. काका त्यातला दहावा हिस्सा नव्या बाटलीत घालत, उरलेले नऊ हिस्से ब्लीचमध्ये मारून मोरीत ओतत. या पेशींवर औषधं तपासली गेली, तिघांनी त्यांवर पदव्या मिळवल्या. आता डॉक्टरबाईंचा निबंध छापण्याआधी नियतकालिकाने पेशींच्या ओळखीचा पुरावा मागितला होता. पूर्वी असं कुणी मागत नसे.

डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही. पुरुषाच्या गाठीतल्या पेशी कधीकधी पुरुष असल्याची खूण हरवून बसतात, तेवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं, असं त्या म्हणाल्या. पण बाकीच्या खुणांचं काय करायचं? उजवीकडची पेशी दोघांच्याही ओळखीची होती. माळीकाकांच्या जन्माआधी वारलेल्या कुणा बाईच्या गाठीतून आलेली, झपाट्याने वाढणारी, गावोगावच्या प्रयोगशाळांत ठेवलेली. तिच्या दोन बाटल्या आत्ताही उबेच्या कपाटात खालच्या फळीवर होत्या.

मग त्यांनी वीस वर्षांपूर्वीची वही मागितली. माळीकाकांनी ती न शोधता काढून दिली. डॉक्टरबाई बोट फिरवत वाचत गेल्या आणि तिसऱ्या महिन्यातल्या एका ओळीवर थांबल्या. काकांच्याच हातची ओळ होती: लांबट पेशींमध्ये काही गोल पेशी दिसतात.

“तुम्ही पाहिलं होतंत.”

“हो.”

“मग बोलला का नाहीत, काका?”

माळीकाकांनी चष्मा काढला. “वाढायला लागल्या होत्या,” ते म्हणाले.

हे घडलं त्या दिवसाची तारीख त्यांना ठाऊक होती. तेव्हा ते सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर होते. बावीस नंबरच्या पेशी जिवंत होत्या, पण सहा दिवसांतून एकदा कशाबशा दुप्पट होत. तेव्हाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, रोज विचारायच्या, काय म्हणतोय तुमचा रुग्ण? पेशींना घालायचं खाद्य, ते गुलाबी पाणी, त्या आठवड्यात वेळेवर आलं नव्हतं. एकच बाटली अर्धी उरली होती आणि सकाळी तिच्यातून त्या झपाट्याच्या पेशींना घातलं होतं. एका जातीची बाटली दुसऱ्या जातीला वापरायची नाही, हा या कामातला पहिला धडा. आंघोळीचा टॉवेल वेगळा ठेवावा तसा. पण बावीस नंबर दोन दिवस उपाशी होता. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून माळीकाकांनी बाटली उघडली.

एक पेशी गेली असेल. एक पुरते.

तिने कुणाला मारलं नाही. पेशीला दुभंगायचं असेल तर आधी स्वतःतलं सगळं लिखाण अक्षर न् अक्षर उतरवून घ्यावं लागतं, कारण दोन्ही अर्ध्यांना सगळंच लागतं. अर्धी पोथी घेऊन कुणी जगत नाही. उतरवायचं काम सात-आठ तासांचं. त्याआधीची आणि नंतरची तयारी धरून त्या बाईच्या पेशीचा एक फेरा एका दिवसात व्हायचा. बावीस नंबरचा सहा दिवसांत. तीन आठवड्यांत एकीच्या वीस लाख झाल्या. बावीस नंबरच्या एकीच्या जेमतेम दहा-अकरा. जागा आणि खाद्य तेवढंच. दर खेपेला दहावा हिस्सा पुढे जात होता आणि त्यात लांबट पेशी कमी कमी होत होत्या. दोन महिन्यांनी एकही उरली नाही.

मोठ्या बाई मात्र खूश होत्या. अडलेला रुग्ण चालायला लागला होता. तुमच्या हाताला गुण आहे, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, माळी हे नाव तेव्हाच पडलं आणि त्या वर्षअखेर नेमणूक कायम झाली. घरी बायको हसली होती. “गॅलरीतलं एक रोप जगलं नाही तुमच्या हातून, आणि म्हणे माळी,” ती म्हणाली होती. गोल पेशींची ओळ वहीत होती, पण वही कोण वाचतो? पेशीच्या आत नक्कल करणाऱ्याच्या मागोमाग चुका पुसणारा एक जण असतो, असं माळीकाका नव्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते. इथे मागून येणारं कुणी नव्हतं.

हे सगळं त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं. सांगायला दहा मिनिटं पुरली. डॉक्टरबाई म्हणाल्या की निबंध मागे घ्यावा लागेल आणि ज्यांनी ज्यांनी या पेशी नेल्या त्या सगळ्यांना कळवावं लागेल. मग म्हणाल्या, “आणि त्या शिवणाऱ्या वहिनी येतात, त्यांना?”

माळीकाकाही तेवढ्याचाच विचार करत होते.

बावीस नंबरची बायको शाळांचे गणवेश शिवायची. नवरा गेल्यावर सहा महिन्यांनी ती पहिल्यांदा आली होती, कडेवर दीड वर्षाची मुलगी. इस्पितळात कुणीतरी बोलून गेलं होतं की तुझ्या नवऱ्याच्या पेशी त्या इमारतीत अजून जिवंत आहेत. खरं का, एवढंच तिला विचारायचं होतं. माळीकाकांनी तिला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, गर्दीच गर्दी आहे की. पुढच्या वर्षी, तुकडा प्रयोगशाळेत आला त्या तारखेला, ती पुन्हा आली. मग दर वर्षी. मोठ्या बाईंनी हरकत घेतली नाही आणि त्यांच्या नंतर आलेल्यांनी ही जुनी रीत समजून चालू ठेवली.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत तिने विचारलं होतं की माणूस गेला तर हे कसे राहिले. माळीकाकांनी तिला तिच्या धंद्यातलं उदाहरण दिलं. पेशीतलं लिखाण म्हणजे गणवेशाच्या पँटला लावता ती चेन समजा. दुभंगायची वेळ आली की ती पूर्ण उघडते आणि प्रत्येक बाजूसमोर तिची जोडीची बाजू नव्याने बसत जाते. एकाच्या दोन चेना होतात, दोन्हींत एक बाजू जुनी आणि एक नवी. हे करतात कशाला, तर शरीर झिजतं. तुमच्या बोटाला कात्री लागली तर ती जखम शेजारच्या पेशी अशाच दुभंगून भरतात. निरोगी पेशीला कुठे थांबायचं ते कळतं. गाठीतली थांबत नाही, म्हणून तर बाटलीत चालते.

तिने लक्ष देऊन ऐकलं आणि एक शंका काढली. आम्ही कापलेल्या शर्टावरून दुसरा शर्ट कापत नाही, ती म्हणाली. कागदावरून कापतो. शर्टावरून शर्ट कापत गेलं की दर खेपेला सुताएवढं सरकतं आणि विसाव्या शर्टाची बाही हातात जात नाही. तुमच्याकडे कागद कुठे आहे? माळीकाका म्हणाले, इथे कागद नसतो, नकलेवरूनच नक्कल; पण तपासणारा पक्का असतो. मग तिने विचारलं, जुन्या बाजू जर तुटत नाहीत, तर यांच्या अंगातली अगदी पहिली बाजू या गर्दीत कुठेतरी असेल? असेल, माळीकाका म्हणाले. नऊ हिस्से मोरीत जातात हे त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा त्यांना ती दया वाटली होती.

मुलगी चार वर्षांची असताना तिने स्टुलावर उभं राहून पाहिलं आणि ती म्हणाली, बाबा गोल गोल आहेत. तिघंही हसली होती. माळीकाकाही.

यंदा वहिनींचा फोन आधीच येऊन गेला होता. तारखेला तीन आठवडे होते. मुलीला लांबच्या शहरात नोकरी लागली होती, जाण्याआधी तिला एकदा नीट पाहायचं होतं. लहानपणीचं आठवत नाही म्हणते, वहिनी म्हणाल्या होत्या. येईल ना हो दाखवता? माळीकाकांनी या म्हटलं होतं.

पेशी गोठवून ठेवायच्या नायट्रोजनच्या टाकीची वही त्यांनी त्याच दुपारी काढली. बावीस नंबरच्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे ती बाटली उघडली त्या दिवसाच्या आधीच्या, तीन कुप्या गोठवलेल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी टाकी बदलताना जागेची अडचण होती. जुनं, हळू वाढणारं काढून टाका, असा हुकूम होता. दोन कुप्यांसमोर काकांच्याच सहीने काट मारलेली होती. तिसरी ठेवली होती, का ते आठवेना.

त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वीस वर्षांची कुपी आहे, आशा धरू नका. मग म्हणाल्या, काढा.

कुपी सदतीस अंशांच्या पाण्यात दीड मिनिटात वितळली. माळीकाकांनी आपल्या हयातीत अशा हजारो कुप्या वितळवल्या असतील, पण त्या दिवशी त्यांनी दारावर पाटी लावली आणि आत कुणाला येऊ दिलं नाही. दुसऱ्या सकाळी बहुतेक पेशी मेलेल्या, पाण्यावर तरंगत होत्या. त्या काढून घेताना खाली तळाशी काही चिकटलेलं दिसलं. माळीकाकांनी भिंग बदललं. लांबट पेशी होत्या. दोन्ही टोकांना निमुळत्या. वीस वर्षांत त्यांनी ते रूप पाहिलं नव्हतं आणि ते विसरले होते.

तरंगणाऱ्या मेलेल्या पेशी डॉक्टरबाईंनी आपणहून तपासणीला पाठवल्या. चौथ्या दिवशी उत्तर आलं. पुरुषाच्या.

चिकटलेल्या एकसष्ट होत्या. माळीकाका रोज मोजत. दुभंगायच्या आधी पेशी पाय आखडून घेते, फुगते, भिंगाखाली काठाशी चमकते. तशी एखादी दिसते का, हे ते सकाळी आणि संध्याकाळी पाहत. पहिल्या आठवड्यात एक दिसली. ते दिवसभर तिच्यापाशी फेऱ्या घालत राहिले. संध्याकाळी ती पुन्हा पसरली, एकच. लिखाण उतरवायला घेतलं असेल आणि मध्येच बळ संपलं असेल. किंवा लिखाणच इतकं फाटलं असेल की तपासणाऱ्याने पुढे जाऊ दिलं नाही. एकसष्टच्या बावन्न झाल्या, मग चाळीस.

घरी बायकोने विचारलं की जेवणात लक्ष का नाही. त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, चार महिन्यांत नोकरीतून सुटाल, मग त्या वहिनी कशाला येतील? दाखवा की त्या गर्दीतल्याच, एवढी वर्षं दाखवल्यात. माळीकाका हात धुवायला उठले. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

दरम्यान डॉक्टरबाईंनी पत्राचा मसुदा केला. त्यात लिहिलं होतं की या पेशींमध्ये पूर्वी कधीतरी भेसळ झाली असावी. माळीकाकांनी तो वाचून परत दिला. “तारीख मला माहीत आहे,” ते म्हणाले. “कधीतरी कसं लिहायचं? तारीख घाला, आणि कुणाच्या हातून ते घाला.”

डॉक्टरबाईंनी समजावून पाहिलं. निवृत्ती तोंडावर आली आहे, कुणी मागितलेलं नाही, कशाला ओढवून घेता. माळीकाका उभेच राहिले. शेवटी डॉक्टरबाईंनी तारीख घातली आणि खाली काकांचं नाव.

वहिनी ठरल्या तारखेला, नेहमीप्रमाणे अकराला आल्या. केस पिकले होते, शिवण्याचा चष्मा गळ्यात दोरीला. मुलगी आईपेक्षा वीतभर उंच. माळीकाकांनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि स्वतः न बसता सगळं सांगितलं. बाटली, ती गोल पेशींची ओळ, कायम झालेली नोकरी, सोळा ओळींचा कागद. मोरीत जाणारे नऊ हिस्सेही सांगितले. एरवी गिऱ्हाईक माप सांगत असताना ऐकावं तशा वहिनी ऐकत होत्या. मुलगी आईकडे पाहत होती.

“म्हणजे मी पहिल्यांदा आले तेव्हा?” वहिनींनी विचारलं.

“तेव्हा होऊन गेलं होतं.”

“म्हणजे मी यांना बघितलंच नाही.”

“नाही.”

खोलीत उबेच्या कपाटाच्या मोटरीचा आवाज येत होता. माळीकाकांनी एक वाक्य आधीच जुळवून ठेवलं होतं. ते म्हणाले, “वहिनी, तुमच्या मुलीत मात्र त्यांचं निम्मं—”

“ते मला सांगू नका, भाऊ,” वहिनी म्हणाल्या. “तिला मी जन्म दिलाय.”

मुलीने आईच्या हातावर हात ठेवला. तो वहिनींनी राहू दिला. त्यांनी विचारलं, “मग ती बाई कोण?”

“फार जुनी. आपल्यापैकी कुणी तिला पाहिलेलं नाही.”

“तिचं कुणी येतं का बघायला?”

“इथे नाही. कुणीच नाही.”

वहिनींनी मान हलवली. वीस वर्षं त्या भिंगाला डोळा लावून मनातल्या मनात सगळं सांगत आल्या होत्या. पोरगी दहावी झाली ते, दुकानाची जागा बदलली ते, थोरल्या दिरांनी बोलणं टाकलं ते. त्यांनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. “बाईमाणूस होती हे बरं,” त्या म्हणाल्या. “ऐकून तरी घेतलं असेल.”

मुलीला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी. माळीकाकांनी मग त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. एक कुपी त्या दिवसाच्या आधीची होती. त्या खरोखर त्यांच्या पेशी आहेत, तपासून घेतल्या आहेत. वाढत नाहीत. आज सकाळी सत्तावीस होत्या.

“किती दिवस राहतील?” मुलीने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली.

“आठवडा. जास्तीत जास्त दहा दिवस.”

“एखादी तरी वाढेल?”

“नाही,” माळीकाका म्हणाले.

त्यांनी बाटली कपाटातून काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, दिवा लावला. एकावेळी दोन-तीनच दिसतात, बाजूची चकती फिरवून बाकीच्या शोधाव्या लागतात, हे दाखवून दिलं. दिव्याने पेशी तापतात म्हणून एरवी दोन मिनिटांच्या वर कुणाला पाहू देत नाहीत, हेही सवयीने सांगून गेले. मग बाजूला झाले.

वहिनींनी गळ्यातला चष्मा काढून ठेवला आणि डोळा लावला. उजव्या हाताने हळूहळू चकती फिरवत एकीपासून दुसरीपर्यंत जात राहिल्या. शिवण तपासताना टाक्यावरून टाक्यावर नजर न्यावी तशा त्या पुढे सरकत होत्या. सगळ्या बघून झाल्यावर त्या उठल्या, स्टुलाची उंची स्वतःच कमी केली आणि मुलीला बसवलं.

मुलगी वाकली. पहिल्यांदा तिला पापण्यांखेरीज काही दिसेना, मग दिसलं असावं, कारण तिचे खांदे स्थिर झाले. दोन मिनिटं झाली, चार झाली. माळीकाका घड्याळाकडे पाठ करून उभे होते. वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“पुरे गं आता,” त्या म्हणाल्या. “दिवा बंद कर. त्यांना उकाडा सोसत नसे.”

दिव्याचं बटण माळीकाकांच्या हाताशी होतं. मुलगी स्वतः डोळा काढीपर्यंत ते थांबले.